भूल जास्त झाली

आमच्या धंद्याचं नावच असं पडलंय की ऐकणाऱ्याला शंका यावी. बीडला ज्या पेंटरने माझी पहिली पाटी रंगवली, त्याने ब्रश हातात धरून विचारलं होतं, "मॅडम, भूलतज्ज्ञ म्हंजी चुका काढणारे का चुका करणारे?" मी म्हटलं, "दोन्ही. पण तुम्ही आधी पाटी नीट लिहा." तरी 'तज्ज्ञ'मधला एक 'ज' त्याने खाल्लाच. ती पाटी मी तशीच सतरा वर्षं वापरली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिल्ह्यात भूल देणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ते सगळे बीड नाहीतर अंबाजोगाईत. तालुक्याच्या गावांत ऑपरेशन करणारे डॉक्टर होते, पण झोपवणारं कोणी नव्हतं. म्हणून आम्ही वार वाटून घेतले होते. माझा मंगळवार केजचा, गुरुवार पाटोद्याचा आणि शनिवार शिरूरचा. तिथले डॉक्टर आपापली ऑपरेशनं त्या वारासाठी जमवून ठेवत, आणि मी सकाळच्या एस.टी.ने बॅग मांडीवर घेऊन जात असे. बॅगेत घशात बघायचं बॅटरीचं अवजार, रबरी नळ्या, इंजेक्शनं, हाताने दाबून श्वास द्यायची एक पिशवी आणि हॅलोथेनची तपकिरी बाटली. एकदा कंडक्टरने विचारलं, "बॅगेत काय हाय?" मी म्हटलं, "झोप." तो म्हणाला, "मग अर्धी मला द्या. कालपासून डबल ड्यूटी करायलोय."

लोकांना वाटतं की भूल म्हणजे एक इंजेक्शन. माणूस झोपला की भुलीचा डॉक्टर मोकळा. खरं तर झोपवणं हा कामाचा सगळ्यात सोपा भाग. झोपलेल्या माणसाचा श्वास त्याच्याऐवजी आपण घ्यायचा, नाडी आणि रक्तदाब सांभाळायचा आणि ऑपरेशन संपलं की त्याला होता तसा परत आणायचा, यात खरं काम. पाटोद्याचा एक पैलवान होता. हर्नियासाठी आला होता. टेबलावर चढताना मला म्हणाला, "मॅडम, उतारा दिल्यावर मी मीच असन ना?" त्या काळी तिथल्या यंत्रावर अजून ईथरच चालायचं. आता नुसतं नाव काढलं तरी नाकात तो वास येतो. पैलवानाने साध्या माणसाच्या दुप्पट ईथर पचवलं, दोन वेळा उठून बसला आणि शेवटी झोपला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं, "झालो का मी मीच?" त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. "तेच आलेत परत," ती म्हणाली.

पुढे तिथेही हॅलोथेन आलं. त्याचा वास गोडसर, ते पेटत नाही आणि माणूस लवकर झोपतो. बाजार खुला झाला तशी परदेशी यंत्रंही हळूहळू तालुक्यापर्यंत पोचली. बोटाला चिमटा लावला की रक्तात ऑक्सिजन किती आहे ते लाल आकड्यात दिसायचं. त्याआधी आम्ही ते ओठ आणि नखं बघून ठरवत असू, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात डॉक्टरांसकट सगळ्यांचेच ओठ निळे दिसत.

या वासाच्या औषधांचा एक गुण बाहेरच्या माणसाला माहीत नसतो. सिझेरियनच्या वेळी आपण आईला भूल देतो, पण ती आईपाशी थांबत नाही. आई आणि बाळाला जोडणाऱ्या वारेतून बाळापर्यंत जाते. त्यामुळे अशा बाळाने जन्मल्या जन्मल्या डोळे मिटून पडून राहावं, रडायला वेळ लावावा, यात नवल नाही. त्याला दोन-चार श्वास दिले की ते जागं होतं. पण पोटातच ऑक्सिजन कमी पडून गुदमरलेलं बाळही असंच, हातपाय टाकून, न रडता बाहेर येतं. पहिल्या मिनिटात दोघं सारखीच दिसतात. एक नुसतं झोपलेलं असतं आणि दुसऱ्याच्या मेंदूला मार बसलेला असतो. कोणतं कोणतं, ते नंतर कळतं. कधी कधी फार नंतर.

केजचा तो मंगळवार. दुपारचे साडेबारा वाजले असतील. हर्नियाचं एक ऑपरेशन संपवून मी डबा उघडला होता, तेवढ्यात कापडदुकानवाल्या तोडकरांच्या सुनेला रिक्षातून आणलं. राजश्री तिचं नाव. वय विशीच्या आत-बाहेर, पहिलं बाळंतपण, नववा महिना. चेहरा खडूसारखा पांढरा. सोबत सासू गंगाबाई होत्या. उंच, कपाळाला ठसठशीत विभूती, बोलायला करारी. गावात त्यांना सगळे वचकून असत.

तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. देशमाने. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पोट दगडासारखं कडक झालं होतं. वार वेळेआधीच सुटली होती. पोटातल्या बाळाला श्वास मिळतो तो वारेतूनच. ती सुटली की आत रक्त साचत जातं आणि बाळ गुदमरायला लागतं. बाळाचे ठोके होते, पण फार मंद.

"कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

"आत्ताच. तासभर झाला असंल," गंगाबाई म्हणाल्या. राजश्रीने डोळे मिटलेले होते.

कमरेतून इंजेक्शन देऊन भूल द्यायची सोय नव्हती, कारण त्याने रक्तदाब उतरतो आणि तिचा आधीच उतरलेला होता. पूर्ण भूल द्यावी लागणार होती. रक्ताच्या बाटल्यांसाठी तिचा नवरा अंबाजोगाईला धावला. मी तिला झोपवलं, घशात नळी घातली, हॅलोथेन अगदी थोडं उघडलं, आणि देशमानेंनी चार मिनिटांत बाळ बाहेर काढलं. मुलगी होती. राखेच्या रंगाची, ओल्या फडक्यासारखी लुळी.

आणि त्याच वेळी आईची नाडी माझ्या बोटांखालून निसटली.

हॅलोथेनने गर्भाशय सैल पडतो. आकसायच्या वेळी सैल राहिला तर रक्त थांबत नाही. मी आधी ते बंद केलं. गर्भाशय आकसायचं इंजेक्शन दिलं. एका हाताने यंत्राची पिशवी दाबून आईला श्वास देत दुसऱ्या हाताने सलाईन पिळून आत घालायला लागले. देशमानेंचे दोन्ही हात पोटात. बाजूच्या टेबलावर सिस्टर मुलीच्या तळपायांवर चापट्या मारत होती, पाठ चोळत होती. पिशवीने श्वास द्यायला तिला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. मलाही ते आधी सुचलं नव्हतं.

"मॅडम, रडना हो ही," ती म्हणाली.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी आईपाशीच राहिले. दोन मिनिटं. एवढा वेळ म्हणजे कोणी म्हणेल काय मोठंसं. पण श्वास न घेणाऱ्या मुलीपासून चार पावलांवर उभं राहून ती मिनिटं काढायची होती.

आईची नाडी पुन्हा बोटाला लागली तेव्हा मी दाराशी उभ्या असलेल्या कौसाबाईला हाक मारली. कौसाबाई तिथली आया. पन्नाशीची, फरशी पुसणारी, चादरी धुणारी. मी यंत्राची ती काळी रबरी पिशवी तिच्या हातात दिली.

"तू जसा श्वास घेतेस तसं दाबायचं. तू घेतलास की दाब, सोडलास की सोड. दुसरीकडे बघायचं नाही."

"चुकलं म्हंजी?"

"चुकायचं नाही."

तिने ओठ घट्ट मिटले आणि दाबायला लागली. मी माझ्या बॅगेतली पिशवी घेतली, लहान मास्क लावला, मुलीची मान सरळ केली आणि श्वास द्यायला लागले. ठोका मिनिटाला चाळीसच्या आसपास होता. दहा-बारा श्वासांनंतर तो वाढला. छाती गुलाबी झाली, मग ओठ. पण स्वतःहून श्वास काही येईना. घड्याळात अकरावं मिनिट लागलं तेव्हा तिने एक आचका दिला, मग दुसरा. रडणं असं नव्हतंच. मांजराचं पिल्लू कण्हतं तसा एक आवाज आला. सिस्टरच रडायला लागली. कौसाबाईने मात्र मान वळवली नाही. ती एकसारखी दाबत होती.

दोघी जगल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीला झटके आले. तिला अंबाजोगाईच्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे हलवलं. तीन आठवड्यांनी घरी आली. शिवलीला नाव ठेवलं. चौथ्या महिन्यात तिच्या मुठी उघडत नव्हत्या, मान धरत नव्हती. मेंदूला मार बसलाय ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

त्याआधीच, म्हणजे अगदी पहिल्या दिवशी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर जमलेल्या नातेवाइकांसमोर गंगाबाई मोठ्याने म्हणाल्या होत्या, "भूल जास्त झाली. भुलीच्या बाईनं डोस जास्त दिला, म्हणून लेकरू रडलं न्हाई." मी आतून ऐकत होते. केज तेवढं मोठं गाव नाही. आठवड्यात ते वाक्य बाजारभर झालं. पुढच्या मंगळवारी एक बाई टेबलावरून उठून निघून गेली. "मला जागीच ठेवून कापा," म्हणाली. देशमानेंनी मला धीर दिला, पण मला राग आला होता, आणि तो पुष्कळ दिवस टिकला. राग खोट्या आरोपाचा होता, असं मी स्वतःला सांगत असे. खरं सांगायचं तर तो आरोप शंभर टक्के खोटा आहे असं छातीवर हात ठेवून मलाही म्हणता येत नव्हतं. चार मिनिटं थोडंसं हॅलोथेन, एवढ्याने असं होत नाही, हे शास्त्र मला माहीत होतं. आणि ती दोन मिनिटं मला माहीत होती.

त्या रागातून मी एक काम मात्र केलं. त्या दिवसापासून माझ्या बॅगेत दोन पिशव्या असत, आणि जिथे जाईन तिथे ऑपरेशन संपल्यावर मी सिस्टर, आया आणि बोलावून आणलेल्या सुईणींना श्वास द्यायला शिकवायची. बाहुली कापडाची, आत फुटबॉलचा जुना ब्लॅडर शिवलेला. पिशवी नीट दाबली तर बाहुलीची छाती वर यायची. केजला माझी पहिली मदतनीस कौसाबाई. ती सगळ्यांना एकच सांगायची, "तुमचा श्वास तसा लेकराचा. दुसरीकडं बघायचं न्हाई."

शिरूरला एक म्हातारी सुईण होती. मला म्हणाली, "आमी वार शेकतो. तव्यावर वार गरम केली की जीव नाळंतून माघारी येतो. मी चार लेकरं अशी आणलीत." मी वाद घातला नाही. म्हटलं, "आजी, तवा तापेपर्यंत काय करता?" ती म्हणाली, "वाट बघतो." मी तिच्या हातात पिशवी दिली. "तवा तापेपर्यंत हे करा." ती हसली. पुढे दीड वर्षाने तिने निरोप पाठवला होता की आता तवा ठेवायचं ध्यानातच राहत नाही.

असं करत करत ते दशक संपत आलं. औरंगाबादला आमच्या भूलतज्ज्ञांची एक परिषद होती. एक वक्ता सांगत होता की भुलीच्या काही वायूंबद्दल शास्त्रज्ञांना वेगळीच शंका यायला लागली आहे. जनावरांच्या नवजात पिलांना ऑक्सिजन कमी पडला, आणि त्या वेळी त्यांना असा एखादा वायू मिळालेला असला, तर मेंदूचं नुकसान कमी झाल्यासारखं दिसतं. मेंदू झोपलेला असला की त्याची भूक कमी असते, गुदमरल्यावर पेशी ज्या स्वतःच्याच उद्रेकाने मरतात तो उद्रेकही कदाचित दबतो, असं काहीसं. मी वही काढून उतरवून घेतलं. शेजारच्या डॉक्टरांना वाटलं, बाई फार अभ्यासू आहेत. मी मनात केजच्या पायऱ्यांवर उभी होते आणि गंगाबाईंना उत्तर देत होते.

आज निवृत्त झाल्यावर सांगते, माणसाच्या बाळांत त्या वायूंचा पक्का फायदा अजून हाती लागलेला नाही, आणि लहान मेंदूला भूल फार वेळ दिली तर अपाय होतो का, हाही प्रश्न विचारला जातो. मोठ्या दवाखान्यांत आता गुदमरलेल्या बाळाला तीन दिवस थंड ठेवतात, त्याने काहींना उपयोग होतो. आमच्या वेळी आम्ही बाळाला गुंडाळून दिव्याखाली ऊब देत होतो.

परिषदेहून आले त्याच महिन्यात एका दुपारी राजश्री माझ्या दारात उभी राहिली. बरोबर शिवलीला. नऊ वर्षांची, दोन वेण्या घातलेली, आईच्या हाताला लोंबकळत, टाचा उचलून चालणारी. जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला दोघी बीडला आल्या होत्या. मी पाणी दिलं. शिवलीलाने पेला डाव्या हाताने धरला, अर्धं पाणी सांडलं आणि अर्धं प्यायली, आणि माझ्याकडे बघून हसली.

"मॅडम, एक इचारू का? खरं सांगताल?" राजश्री म्हणाली. "भूल जास्त झालती का?"

नऊ वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि वहीत उत्तरही होतं. पण वही काढावीशी वाटली नाही. मी तिला जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. वार सुटली होती, मुलीचा श्वास पोटातच कोंडला होता, ती बाहेर आली तेव्हाच राखेसारखी होती. भूल थोडी होती. आणि मग म्हटलं, "ती बाहेर आल्यावर पहिली दोन मिनिटं मी तिच्याकडे गेले नाही. तुझी नाडी लागत नव्हती. मी तुझ्यापाशी होते."

तिने शिवलीलाच्या हातातला पेला काढून खाली ठेवला.

"ती दोन मिनटं मला लागली का?"

"लागली."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तसंबी ते तासाभराचं नव्हतं, मॅडम. मला सकाळी सातलाच दुखाया लागलं. रक्तबी गेलतं. त्या दिवशी घरी जंगमांची, आमच्या गुरुलोकांची पंगत होती. मी आत्याबाईला सांगितलं. त्या म्हणल्या, पंगत उठू दे, मग जाऊ. पहिलटकरणीला दुखतंच."

मी तास मोजले. सकाळी सात ते साडेबारा.

"घरात कुणालाच ठावं न्हाई. ह्यांनाबी न्हाई. आत्याबाईनं सगळ्यांला भुलीचं सांगितलं. मी कधी बोलले न्हाई त्यांना. काय बोलू? हिला तेल लावायचं, पाय वळायचं, शाळंत न्यायचं, सगळं त्याच करत्यात. मला हात लावू देत न्हाईत. नऊ वर्षं झाली, पंगतीला बसल्या न्हाईत कुठं. कपिलधारच्या यात्रंतबी जेवत न्हाईत, दर्शन घेऊन माघारी. आता कुणी म्हणलं की भुलीचं नव्हतं, तर मग कशाचं होतं? म्हातारी मरंल, मॅडम."

"मग तू मला कशाला विचारलंस?"

"मला एकटीला ठावं असावं म्हणून."

मी म्हटलं, "मग भुलीवरच राहू दे."

ती मान हलवून उठली. शिवलीला जाताना पायरीवर अडखळली, मी हात पुढे केला, तर तिने तो झटकून टाकला आणि कठड्याला धरून स्वतःच उतरली.

पुढच्या मंगळवारी केजला बसमधून उतरून मी नेहमीच्या गल्लीने गेले नाही. पेठेतून गेले. नऊ वर्षं मी तोडकरांच्या दुकानासमोरचा रस्ता टाळला होता. दुकानाच्या कट्ट्यावर गंगाबाई बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, पाठ वाकलेली. शिवलीलाचा पाय मांडीवर घेऊन पोटरी तेलाने चोळत होत्या. गिऱ्हाईक होतं, शेजारचे दोन दुकानदार होते. मी थांबले.

त्यांनी मला ओळखलं. आवाज तसाच करारी होता. "बघा," त्या चारचौघांत म्हणाल्या, "तुमच्या भुलीनं केलं हे."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागले. तोंडाशी सगळं होतं. सकाळचे सात, पंगत, औरंगाबादची वही.

"हो आजी," मी म्हटलं. "कमीजास्त होतं कधी कधी."

त्यांचा हात पोटरीवर थांबला. बराच वेळ त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी नजर वळवली नाही. मग त्यांनी खाली पाहिलं, हातावर आणखी थोडं तेल घेतलं आणि पुन्हा चोळायला लागल्या.

"उभ्या कावून?" त्या म्हणाल्या. "बसा."

त्यांनी गादीवरचे कापडाचे तागे बाजूला सारले. मी बसले.